मेंदूचा क्षय आणि प्रमाणविचार

क्षयाचा जंतू माणसाच्या शरीरात शिरतो तो श्वासावाटे. फुप्फुसात तो ठाण मांडतो आणि थोड्या रुग्णांत रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोचतो. तिथे मेंदूच्या पृष्ठभागालगत किंवा आवरणाला चिकटून त्याची बारीक गाठ धरते. ही गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प राहते. ती फुटली की जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतात आणि मेंदूच्या तळाशी दाट, चिकट स्राव साचू लागतो. अर्नोल्ड रिच आणि हॉवर्ड मॅककॉर्डॉक यांनी शवविच्छेदनांच्या आधारे हा क्रम १९३३ मध्ये मांडला. त्या गाठीला आजही रिच यांच्याच नावाने ओळखतात. स्राव साचतो ती जागा मोठी अवघड आहे. डोळे हलवणाऱ्या नसा तिथूनच जातात, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तिथेच आहेत, आणि मेंदूतले पाणी बाहेर पडण्याच्या वाटाही तिथेच. म्हणून हा रोग वाढला की एका रुग्णाचा डोळा तिरळा होतो, दुसऱ्याची एक बाजू लुळी पडते, तिसऱ्याच्या मेंदूत पाणी तुंबून शुद्ध हरपते. क्षयाच्या एकूण रुग्णांत असे रुग्ण साधारण शंभरात एक. पण क्षयाच्या सर्व प्रकारांत हाच सर्वांत घातक: उपचार मिळूनही जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात किंवा कायमचे अपंग होतात.

यातून सुटणाऱ्यांचे भवितव्य बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते: उपचार सुरू झाले त्या दिवशी रोग कुठवर आला होता. डॉक्टर त्याच्या तीन अवस्था मानतात. पहिलीत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि नसांच्या दुखापतीची कोणतीही खूण नसते. दुसरीत गुंगी येते किंवा एखादी नस निकामी होते. तिसरीत रुग्ण बेशुद्धीकडे झुकलेला असतो. पहिल्या अवस्थेत औषध मिळालेले बहुतेक वाचतात. तिसरीत आलेल्यांतले फार थोडे धडधाकट घरी जातात. अडचण अशी की पहिल्या अवस्थेत रोग सहसा सिद्ध करता येत नाही आणि तिसऱ्या अवस्थेत तो सिद्ध झाला तरी त्या सिद्धीचा उपयोग फारसा उरत नाही. निश्चित ज्ञान हाती नसताना कृती करावी का, आणि केली तर त्या कृतीमागे जे असते त्याला ज्ञान म्हणावे की नुसता अंदाज, हा प्रश्न त्यामुळे इथे रोज उभा राहतो. भारतीय दर्शनांनी प्रमाणविचार या नावाखाली हाच प्रश्न शतकानुशतके घोळवला आहे, आणि त्यांची शब्दसामग्री या रोगाला आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते.

चरकसंहितेने सूत्रस्थानात चार प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. विमानस्थानात रोग ओळखण्याची साधने सांगताना त्यांतली पहिली तीन घेतली आहेत, आणि त्यांतही आप्तांचा शब्द आधी. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याला विषयाचे खरे ज्ञान आहे आणि खोटे बोलण्याचे ज्याला कारण नाही असा माणूस. मराठीत या शब्दाने वेगळी वाट धरली. इथे आप्त म्हणजे नात्याचा माणूस. मेंदूच्या क्षयात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाला काय होते? बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, थकवा, मधूनमधून डोके दुखणे, सकाळची उलटी. यांतले काहीही थर्मामीटरच्या आकड्याने किंवा रक्ताच्या तपासणीने वेगळे उठून दिसत नाही. उठून दिसते ती वागण्यातली फेरफार, आणि ती फक्त घरच्यांना कळते. खेळकर मूल कोपऱ्यात बसते. शांत स्वभावाचा बाप्या क्षुल्लक कारणावरून अंगावर धावतो. हिशेबात चोख असलेली बाई मासळीचे पैसे मोजताना चुकते. ‘हा असा नव्हता’ हे वाक्य आई किंवा बायको बोलते, तेव्हा मेंदूच्या दाहाचे पहिले विश्वासार्ह प्रमाण डॉक्टरपुढे आलेले असते. ते ऐकून घेतले जात नाही, ही या रोगाच्या इतिहासातली सर्वांत जुनी आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर या चुकीला ऋतूही हातभार लावतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आगरात लावणीची धांदल असते, आणि तापाची साथ घराघरांत असते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही दवाखान्यात पावसाळ्यात आलेला ताप आधी मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांच्या यादीत बसवला जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते. फरक पडतो तो दिवसांनी. हे ताप आठवडाभरात बहुधा एका बाजूला लागतात. पाचसहा दिवस उलटूनही डोकेदुखी आणि ताप हटत नसेल, उलट्या थांबत नसतील, तर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला हवी. वीटभट्टीवर सहासहा महिने जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या बाबतीत तर दिवस मोजणारा डॉक्टरच एक राहत नाही: ताप एका तालुक्यात सुरू होतो, उलट्या दुसऱ्यात, आणि फिट तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी एकेक लक्षण दिसते. सगळी लक्षणे सलग पाहिलेली असतात ती फक्त सोबत असलेल्या आप्ताने. लहान मुलांत तर हे अधिकच महत्त्वाचे. घरातल्या खोकणाऱ्या माणसाकडून मुलाला क्षयाचा संसर्ग होतो आणि पुढच्या काही महिन्यांतच तो मेंदूत उतरू शकतो. ‘घरात कोणाला टीबीची गोळी चालू आहे का’ हा एक प्रश्न अनेक तपासण्यांपेक्षा मोलाचा ठरतो. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नसली, तरी तान्ह्या मुलांना या घातक प्रकारापासून बऱ्याच अंशी वाचवते.

वागण्यात फरक पडला की किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आधी दुसराच अर्थ लावला जातो: बाहेरचे काही लागले, नजर झाली, कोणी करणी केली. मग अंगारा लावतात, दृष्ट काढतात, भगताकडे नेतात, ग्रामदेवतेला कौल लावतात. या चालीकडे नुसते अज्ञान म्हणून पाहणे उथळपणाचे आहे. घराला फरक दिसलेला असतो. तो फरक खरा असतो. त्याचे कारण शरीराच्या नेहमीच्या दुखण्यात सापडत नाही हेही घराने बरोबर ओळखलेले असते. चुकते ते कारणाचे नाव. आणि या चुकीला खुद्द आयुर्वेदाचा पाठिंबा नाही. उन्मादाचे निदान सांगताना चरकाने म्हटले आहे की ज्याचे स्वतःचे कर्म त्याला पीडत नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस पीडत नाहीत. आपल्या दुखण्याचे खापर त्यांच्यावर फोडू नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकाने भुताला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले, ही लहान गोष्ट नाही.

पण त्या जागी त्याने कर्माला उभे केले, आणि तिथे आजच्या वाचकाने थांबले पाहिजे. राजयक्ष्म्याची, म्हणजे क्षयाची, पुराणकथाही याच वळणाची आहे: दक्षाच्या सत्तावीस कन्यांशी लग्न केलेला चंद्र एकट्या रोहिणीत रमला, म्हणून दक्षाच्या कोपाने तो झिजू लागला. रोग म्हणजे दोषाचे फळ, असा या कथेचा रोख. तीन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत उतरलेल्या क्षयाला हे स्पष्टीकरण लावले तर ते क्रूर होते. त्या मुलाने केलेले कृत्य एकच: ज्या खोलीत आजोबा खोकत होते त्या खोलीत त्याने श्वास घेतला. चरकानेच अन्यत्र दैव आणि पुरुषकार यांचे बलाबल सांगताना दुबळे दैव जोरकस प्रयत्नाने मोडता येते असे मानले आहे, आणि या रोगात धरायचा तो हाच धागा. कौल लावण्याबद्दलही तेच म्हणता येईल. संशयात सापडलेल्या घराला निर्णय हवा असतो; उजवा किंवा डावा कौल तो निर्णय देतो आणि मनाला टेकू देतो. त्याने रुग्णालयात जायचा धीर आला तर तक्रारीला जागा नाही. मात्र कौलाने आठवडा पुढे ढकलला तर तो आठवडा परत मिळत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे किंवा धुरी देणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेच. पण बिनदंग्याचा, बिनमारहाणीचा, प्रेमाने केलेला उशीर कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि मेंदूच्या क्षयात प्राण घेतो तो बहुधा असा उशीर.

रॉबर्ट व्हिट या स्कॉटिश वैद्याने मुलांच्या या आजाराचे वर्णन केले. त्याच्या मृत्यूनंतर १७६८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याला जंतू माहीत नव्हता, क्षयाशी असलेले नातेही माहीत नव्हते. तो याला मेंदूतले पाणी म्हणत होता आणि नाडी आधी जलद, मग मंद व अनियमित, मग पुन्हा जलद होते यावरून त्याने तीन अवस्था केल्या. केवळ प्रत्यक्षाच्या बळावर किती दूर जाता येते याचा हा नमुना आहे, आणि कुठे अडकावे लागते याचाही: त्याला रोग ओळखता येई तो मरण अटळ झाल्यावर. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जंतू जाहीर केला आणि हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांतून सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढण्याची रीत रूढ केली, तेव्हा प्रत्यक्षाच्या जोडीला अनुमान आले.

न्यायदर्शनाने अनुमानाचे तीन प्रकार केले आहेत. त्यांतल्या शेषवत् अनुमानात कार्यावरून कारणाकडे जातात, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने त्याला दिलेले उदाहरण कोकणात समजावून सांगावे लागत नाही: नदीला लोंढा आलेला पाहून वर पाऊस झाला असे ओळखणे. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगवणारी सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीला मिळते. महाडच्या माणसाला डोंगरावरचा पाऊस दिसत नाही, दिसते ते नदीचे पाणी. पण खाडीतून भरतीही वर चढते, आणि तिनेही पाणी फुगते. न्यायसूत्रांत हाच आक्षेप थोड्या वेगळ्या रूपात येतो: बांध घालूनही नदी फुगते, मग फुगलेल्या नदीवरून पाऊस कसा ठरवावा? उत्तर असे की नुसत्या फुगण्यावरून ठरवायचेच नाही. ओढ, गढूळपणा, फेस, वाहत येणारी पाने आणि लाकडे, हे सगळे मिळून पावसाचा लोंढा भरतीपासून वेगळा पडतो.

पाठीतले पाणी वाचायचे ते असेच. क्षयात ते दिसायला बहुधा स्वच्छ किंवा किंचित पिवळसर असते. नळीत ठेवून दिले तर कधीकधी त्यात कोळिष्टकासारखे जाळे धरते. पेशी वाढलेल्या असतात, बहुधा शंभर ते पाचशे, आणि त्यांत लिम्फोसाइट जास्त. प्रथिने बरीच वाढतात. साखर घटते, रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून खाली जाते. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती न्यायाच्या भाषेत सव्यभिचार हेतू ठरते, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडणारा. लिम्फोसाइट विषाणूच्या मेंदूज्वरातही वाढतात. साखर पू झालेल्या मेंदूज्वरातही घटते. बुरशीचा मेंदूज्वर तर क्षयाची हुबेहूब नक्कल करतो. सगळी चिन्हे एकत्र वाहत आली तर मात्र डोंगरावर काय झाले ते सांगता येते. या पाण्यासाठी पाठीत सुई घालावी लागते आणि ‘पाठीत सुई मारली की माणूस अधू होतो’ हा समज गावोगाव आहे. कमरेत जिथे सुई जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. अपंगत्व येते ते रोगाने. सुई रोग फार वाढल्यावर घातली गेली की दोष तिच्या माथी बसतो, आणि पुढच्या घराचा नकार आणखी पक्का होतो.

आता मुख्य पेच. पाणी काढले, काचपट्टीवर रंगवून पाहिले, जंतू दिसला नाही. सीबीनॅट ही जनुकीय तपासणी केली, तीही निगेटिव्ह. मग क्षय नाही असे म्हणायचे का? कुमारिल भट्टाच्या मीमांसेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले: वस्तू न दिसणे यातून तिचा अभाव कळतो. पण एक अट घातली गेली. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, रिकाम्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. योग्य अनुपलब्धीच अभावाचे प्रमाण. अयोग्य अनुपलब्धी हे नुसते न दिसणे. मोठ्या विणीचे जाळे रिकामे आले म्हणून खाडीत जवळा नाही असे कोणताही कोळी म्हणणार नाही.

मेंदूच्या क्षयात जंतू मुख्यतः तळाच्या दाट स्रावात अडकलेले असतात. पाण्यात फार थोडे उतरतात. त्यामुळे नेहमीच्या रीतीने केलेल्या काचपट्टीवरच्या तपासणीत बहुसंख्य रुग्णांत जंतू दिसत नाही. जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला कित्येक आठवडे लागतात. तोवर रुग्णाचा निकाल लागलेला असतो. जनुकीय तपासण्यांनी परिस्थिती सुधारली. सीबीनॅटची अधिक संवेदनशील आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारली, आणि भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅटला २०२० मध्ये मान्यता मिळाली. तरीही या तपासण्यांचा ‘नाही’ हा उत्तराचा शेवट नव्हे, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलेले आहे. उजेड वाढवणे मात्र माणसाच्या हाती असते. दोन थेंबांऐवजी मोठ्या माणसाचे सहा ते दहा मिलीलिटर पाणी घेतले, ते यंत्रात फिरवून गाळ खाली बसवला, आणि तंत्रज्ञाने पट्टी वीस ते तीस मिनिटे धीराने पाहिली, तर जंतू सापडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते. हे न करता लिहिलेले ‘जंतू आढळला नाही’ हे वाक्य अंधारात घडा शोधून लिहिलेले असते.

प्रत्यक्ष हुकते, अनुमान एकट्याने पुरत नाही, तेव्हा चरकाचे चौथे प्रमाण उरते. युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून निर्माण होणारे फळ पाहणारी बुद्धी. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मेंदूच्या क्षयासाठी जी एकसारखी व्याख्या ठरवली ती जवळजवळ युक्तीचे गणितच आहे. लक्षणांना जास्तीत जास्त ६ गुण, पाठीतल्या पाण्याला ४, मेंदूच्या चित्रांना ६, शरीरात अन्यत्र सापडलेल्या क्षयाला ४. पाच दिवसांहून जास्त टिकलेल्या लक्षणांना एकट्याला ४ गुण आहेत. म्हणजे आईने मोजलेल्या दिवसांचे वजन पाण्याच्या सगळ्या तपासणीइतके धरले गेले आहे. बेरजेवरून रुग्ण ‘संभाव्य’ किंवा ‘शक्य’ ठरतो. ‘निश्चित’ हा दर्जा जंतू सापडल्याशिवाय मिळत नाही.

मेंदूच्या चित्रांत तळाशी उजळणारा स्राव, फुगलेल्या पोकळ्या आणि रक्तपुरवठा तुटलेले भाग शोधतात. कधी नुसती गाठ दिसते, कड्यासारखी उजळणारी, आणि भारतात ती क्षयाची की डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची हा वाद ठरलेला. दोन सेंटीमीटरहून मोठी, वेड्यावाकड्या कडेची गाठ क्षयाकडे झुकते. मुंबईने या विषयात एक महत्त्वाची भर घातली आहे. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या परिसरात बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी आणि विकृतिशास्त्रज्ञ दाराब दस्तूर यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांचा अभ्यास केला ज्यांना फिट येत, शुद्ध हरपे, मेंदू सुजे, पण मेंदूज्वराची चिन्हे आणि पाण्यातले बदल क्षुल्लक असत किंवा नसतच. मृत्यूनंतर मेंदूच्या पांढऱ्या भागाची हानी सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, आणि क्षयाचा हा वेगळा मेंदूविकार १९७० पर्यंत त्यांनी नीट मांडला. लोंढ्याची सगळी चिन्हे गैरहजर असूनही वर पाऊस झालेला असू शकतो, हे त्यांनी दाखवले. त्या काळी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून जे. जे. गाठणारी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली माणसे पुष्कळ होती, आणि आजही अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापुढचा रस्ता किंवा जलमार्ग मुंबईकडेच जातो.

अनुमानाची व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचे अटळ नाते, कधीच पूर्ण सिद्ध होत नाही, म्हणून अनुमान प्रमाणच नव्हे, असा चार्वाकांचा आक्षेप होता. मेंदूच्या क्षयात तो पोकळ नाही. इथे चूक खरोखर होते. क्षयाची औषधे यकृताला इजा करू शकतात, आणि क्षय समजून उपचार करताना बुरशीचा आजार किंवा कर्करोग वाढत राहिल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमाञ्जलीत दिलेले उत्तर असे की संशयालाही मर्यादा आहे. संशय तिथवरच जातो जिथे तो धरणाऱ्याच्या स्वतःच्याच आचरणाशी विरोधात येत नाही. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा माणूस विस्तव आणि धूर यांच्या नात्यावर खरोखर शंका घेत नसतो. न्यायदर्शनाने संशयाला चिंतनाच्या सोळा पदार्थांत जागा दिली, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच पाठोपाठ. संशय हे अज्ञानाचे लक्षण नसून शोधाला प्रवृत्त करणारी अवस्था आहे. सबळ संशय असेल तर त्याच दिवशी औषधे सुरू करावीत आणि शोध पुढे चालू ठेवावा, हा आजच्या वैद्यकाचा नियम त्याच जातीचा आहे. त्याचे समर्थन दोन चुकांच्या असमानतेत आहे: विनाकारण दिलेले औषध बंद करता येते, न दिलेल्या औषधाने गेलेली दृष्टी परत येत नाही.

वात्स्यायनाची आणखी एक कसोटी इथे अपुरी पडते, आणि ते लपवून उपयोग नाही. ज्ञान खरे होते की नाही हे त्यावर आधारलेल्या कृतीच्या यशावरून कळते, असे न्यायाचे म्हणणे: मृगजळाकडे धावलेल्याची तहान भागत नाही. मेंदूच्या क्षयात औषधांबरोबर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड देतात. व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांवरच्या २००४ च्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले, अपंगत्व मात्र घटल्याचे दिसले नाही. पण स्टेरॉईडने इतर काही आजारांतही रुग्णाला तात्पुरते बरे वाटते. म्हणजे यश आले तरी निदान सिद्ध झाले असे नाही. उलट, औषध अचूक असूनही काही आठवड्यांनी ताप परततो, गाठी फुगतात, नव्या दिसतात. मरणाऱ्या जंतूंना शरीर देत असलेला हा प्रतिसाद असतो. म्हणजे अपयश आले तरी निदान खोटे ठरत नाही. या वळणावर अनेक घरे औषध सोडतात किंवा डॉक्टर बदलतात. हे आधी सांगून ठेवलेले असेल तर घर टिकते. इथे पुन्हा आप्तवचनच कामाला येते, यावेळी डॉक्टरने घराला दिलेले.

क्षय मणक्यातही होतो, पण तो ओळखायला तुलनेने सोपा: पाठीचे न हटणारे दुखणे, मग पायांतली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, आणि एमआरआयमध्ये खचलेला मणका. त्यात जागेवरून नमुना घेता येतो, म्हणून प्रमाणांचा पेच कमी. मेंदूच्या आवरणाच्या दाहात ती सोय नसते. तिथे उपचार साधारण बारा महिने चालतात: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे दहा महिने तीन. सरकारच्या निक्षय यंत्रणेत नोंदणी होते, आशाताई घरी येऊन गोळ्यांची चौकशी करते, वजनानुसार मात्रा बदलतात, डोळ्यांची आणि यकृताची तपासणी मधूनमधून होते. बारा महिन्यांनी मूल शाळेत जाऊ लागते, बाप्या होडीवर परततो. त्यांच्यातल्या पुष्कळांचा जंतू कोणीच कधी पाहिलेला नसतो, आणि त्यांच्या कागदावर आजाराच्या नावापुढे शेवटपर्यंत ‘संभाव्य’ असेच लिहिलेले राहते.